तारेंतम आणि श्रावणातली मासळी

माझ्या मुलीचं मंगळवारी शाळेत प्रेझेंटेशन होतं. आदल्या शुक्रवारी दुपारी ती हॉलमध्ये टीव्हीला लॅपटॉप जोडून सराव करत होती आणि मी सोफ्यावर बसून ऐकत होतो. विषय इतिहासाचा. इटलीच्या दक्षिणेला तारेंतम नावाचं एक बंदर होतं. वस्ती ग्रीकांची, ताबा रोमनांचा. ते शहर कार्थेजच्या सेनापतीने लढाई न करता, आतल्या माणसांना फितवून कसं घेतलं, हे ती सांगत होती.

आम्ही शाळेत शिकलो ते असं की गड दोन गोष्टींनी पडतो, उपासमारीने किंवा फितुरीने. फितुरी हा शब्द तिला माहीत नव्हता. तिच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत 'स्ट्रॅटेजी' असं होतं.

शहरातला एक तरुण शिकारीला म्हणून रात्री वेशीबाहेर जायचा आणि जाऊन शत्रूच्या सेनापतीला भेटायचा. परत येताना शिकार घेऊन यायचा. त्यातली थोडी रोमन अधिकाऱ्याला द्यायचा, थोडी वेशीवरच्या पहारेकऱ्यांना. हळूहळू अशी सवय झाली की त्याने बाहेरून शीळ घातली की पहारेकरी आतून दिंडीदरवाजा उघडायचा. मग एका रात्री तो मोठा रानडुक्कर घेऊन आला. पहारेकरी वाकून डुक्कर बघायला लागला. तिथेच त्याला भोसकलं, आणि मागून सैन्य आत शिरलं.

"हाऊ स्मार्ट इज दॅट," ती म्हणाली. "ही यूज्ड देअर ट्रस्ट. बाबा, टीचरचा लास्ट क्वेश्चन आहे, ट्रेटर ऑर जीनियस. मी जीनियस म्हणणारेय."

मी विचारलं, "पहारेकऱ्याचं नाव काय होतं?"

"व्हॉट?"

"ज्याने दार उघडलं त्याचं नाव. स्लाइडवर शिकाऱ्याचं आहे, सेनापतीचं आहे. त्याचं कुठेय?"

"बाबा, नोबडी नोज. ही वॉज जस्ट द गार्ड."

मी टीपॉयवर हात आपटला. त्यावरचा पाण्याचा ग्लास कलंडला आणि तिच्या वहीवर पाणी सांडलं. जस्ट द गार्ड म्हणू नकोस, असं मी ओरडलो. आणखीही ओरडलो, ते लिहीत नाही. तिने लॅपटॉप बंद केला आणि खोलीत निघून गेली. बायको स्वयंपाकघरातून येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. "तिचा काय दोष?" एवढंच म्हणाली.

तिचा दोष नव्हताच. पण ती आखातातल्या या देशात, अल बर्शाच्या या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कशी आली, हे तिला माहीत नव्हतं आणि मला होतं. मंगळवारी वर्गासमोर उभं राहून तिने त्या माणसाला जीनियस म्हणण्याआधी तिला ते कळायला हवं होतं. बारा वर्षं मी ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी मी एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर होतो. सकाळी साइटवर माणसं मोजायची, हजेरी भरायची, ओव्हरटाइमचे तास लिहायचे. मी राहायचो अल कूझच्या मागे, कंपनीच्या कॅम्पपासून चार गल्ल्यांवर, दोघा कारकुनांबरोबर एका खोलीत. कॅम्पच्या ज्या ब्लॉकमध्ये आपली माणसं होती तिथे अकरा खोल्या आणि पन्नासेक जण. सातारा-सांगलीकडची पोरं, खेड-चिपळूणची माणसं आणि रत्नागिरीच्या खाडीकाठचे दहा-बारा मुसलमान. त्यातला वयाने सगळ्यात मोठा म्हणजे चाचा. स्टील फिक्सर. सळया बांधून बांधून त्याच्या बोटांची पेरं वाकडी झालेली. तो मला मास्तर म्हणायचा, कारण मी हजेरी घ्यायचो.

तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. सकाळी मी बसने देराच्या मासळी बाजारात जायचो आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून बांगडे, कधी सुरमई, कधी कोळंबी घेऊन कॅम्पवर यायचो. वर्गणी सगळ्यांची, निवड माझी. ब्लॉकला लोखंडी गेट होतं. मी खोकं खाली ठेवायचो आणि पायाने गेटला दोन लाथा घालायचो. जुम्म्याची नमाज आटपून चाचा स्वयंपाकघरात आलेला असे, तोच गेट उघडायचा. मग खोक्याचं झाकण उचलून तिथेच उभ्या उभ्या माझी चंपी सुरू.

"कितीला पडले?"

"पंचवीस दिरहम."

"म्हणजे सव्वाचारशे रुपये. सव्वाचारशेत मी रत्नागिरीला होडी घेईन, मास्तर. आणि हा बघ, याचा डोळा बघ. हा मेला तेव्हा तू शाळेत होतास."

गावाकडून आलेली कोकमं, सातारच्या पोरांनी खवलेला नारळ, चाचाचा हात. पन्नास माणसं जिन्यात आणि गॅलरीत ताटं घेऊन बसायची. पूर्ण आठवड्यात कुणी माझ्याशी हजेरी सोडून बोललं असेल तर ते त्या जेवणात. श्रावणात मात्र मी मासळी बाजारात जायचो नाही. माझ्या घरी श्रावण कडक. मी नुसता मांसाहार सोडत नसे, मासळीला हातही लावत नसे. चाचा त्यावरून चिडवायचा, पण श्रावणातल्या शुक्रवारी मी गेलो तर माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात वाटाण्याची उसळ करून ठेवायचा. त्या पातेल्यात मासळी कधी शिजत नसे. ते पातेलं त्याने वर खुंटीला टांगून ठेवलेलं होतं.

त्या वर्षी रमझान कडक उन्हाळ्यात आला होता. इथे उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, आणि ती बरी पाळली जाते. पण आमच्या साइटवर लिफ्टच्या शाफ्टचं आणि तळघराचं काम चालू होतं. शाफ्टला वर प्लायवूडचं छप्पर टाकलेलं. छप्पर आहे म्हणजे ऊन नाही, ऊन नाही म्हणजे बंदी नाही, असा हिशेब साइट ऑफिसने लावला. त्या शाफ्टमध्ये वारा नव्हता. मी रोज साडेबाराला खाली वाकून डोकी मोजायचो तेव्हा आतली वाफ माझ्या चष्म्यावर बसायची. मी मोजायचो आणि वहीत लिहायचो आणि एसी केबिनमध्ये परत यायचो. रोजे धरलेली माणसं त्यात महिनाभर सळया बांधत होती.

ईदनंतर आठवड्याभरात खेडचा एक प्लास्टरवाला शाफ्टमध्ये कोसळला. जगला, पण त्याची उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. कंपनीने त्याला तिकीट काढून घरी पाठवलं. मंगळवारी पहाटे साइटवर न्यायची बस आली तेव्हा ब्लॉकमधून कुणी उतरलं नाही. त्यांनी गेटला आतून साखळी घातली. मागणी एकच होती: दुपारचे अडीच तास शाफ्टमध्येही काम बंद. पगारवाढ नाही, दुसरं काही नाही. अडीच तास.

काम असं थांबवणं इथे किती महागात पडतं हे त्यांना माहीत होतं. तरी ते बसले. पहिल्याच दिवशी कंपनीने ब्लॉकचे एसी बंद केले. ऑगस्टमध्ये. माणसं गॅलरीत ओले टॉवेल अंगावर घेऊन पडायची. बुधवारी कोपऱ्यावरच्या ग्रोसरीवाल्याला सांगण्यात आलं की त्यांना काही द्यायचं नाही. तांदूळ आणि डाळ होती, त्यावर चाललं होतं.

गुरुवारी मला प्रोजेक्ट मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. हा माणूस मराठी आहे हे मला ऐकून माहीत होतं, पण तीन वर्षांत तो माझ्याशी हिंदी-इंग्रजीशिवाय बोलला नव्हता. त्या दिवशी तो मराठीत बोलला.

"बसा हो. चहा घ्या. तुमचा श्रावण असेल ना, बिस्किटात अंडं नाही, बघितलंय मी."

मी बसलो. त्या मराठीची मला आजही किळस येते, आणि तेव्हा ती किती बरी वाटली होती ते आठवलं की जास्त येते.

"आपलीच माणसं आहेत ती," तो म्हणाला. "मला पोलीस नकोयत, तुम्हालाही नको असतील. गेट तोडलं की केस होणार. मला फक्त आत जाऊन त्यांच्याशी बोलायचंय. ते माझ्यासाठी उघडणार नाहीत. तुमच्यासाठी उघडतील."

मी चहाचा घोट घेतला.

"दर शुक्रवारी मासळी घेऊन जाता ना तुम्ही? सगळा कॅम्प सांगतो. उद्या शुक्रवारच आहे." मग त्याने टेबलावरची एक फाइल थोडी सरळ केली. "तुमच्या फॅमिली व्हिसाचं पत्र आलंय माझ्याकडे सहीला. हुद्दा बदलायचा आहे, पगार वाढवून दाखवायचा आहे. बघतो मी या आठवड्यात."

तो 'जर' म्हणाला नाही. मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगत राहिलो, की त्याने अट घातली नव्हती, मी सौदा केला नव्हता. माझी बायको तेव्हा कराडला माहेरी एका खोलीत होती, दोन वर्षांच्या मुलीला घेऊन. तिच्या भावाचं लग्न ठरलेलं, खोली रिकामी करून द्यायची होती. रोज फोनवर ती विचारायची, काय झालं. ती रडत नसे. नुसतं विचारायची, काय झालं, आणि मी म्हणायचो, इन्शाल्ला, या महिन्यात. आपल्या लोकांना इथे आल्यावर हा शब्द फार लवकर येतो.

शुक्रवारी सकाळी मी देराला गेलो. श्रावण चालू होता, नारळी पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. जन्मात पहिल्यांदा मी श्रावणात मासळीला हात लावला. आणि एखाद्याने वाईट काम करताना ते तरी नीट करावं तसा मी सुरमई निवडून घेतली, डोळे बघून, कल्ले उघडून. मोठी सुरमई. वर चार नारळ घेतले. टॅक्सी केली, कारण माझ्या मागे कंपनीची काळ्या काचांची मिनीबस येणार होती आणि वेळ ठरलेली होती.

मी गेटला दोन लाथा घातल्या.

चाचा आतून म्हणाला, "कोण?"

"मी. मासळी आणलीय."

साखळी वाजली नाही. मग फटीतून त्याचा एक डोळा दिसला. "श्रावणात म्हावरा? तुझा देव कुठं गेला?"

"तुमच्यासाठी आणलं. चार दिवस डाळभातावर आहात."

तो डोळा खोक्यावरून माझ्या हातांवर आला. माझ्या हातांना खवलं चिकटलेली होती. मी ती मुद्दाम पुसली नव्हती. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

आत त्याने कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं. "अरे, मास्तर आपल्यासाठी बाटला. श्रावणात म्हावरा उचलून आणला त्याने." आणि ते सांगताना त्याचा आवाज भरून आला होता. बारा महिने मासळी आणणाऱ्या माणसावर त्याने कदाचित संशय घेतला असता. तीन दिवस कुणी फिरकलं नव्हतं, ऑफिसची माणसं सगळी कंपनीची, एवढं त्याला कळत होतं. पण श्रावण पाळणारा माणूस श्रावणात मासळी घेऊन दारात उभा राहिला, यापुढे त्याचा संशय टिकला नाही. खुंटीवर वेगळं पातेलं टांगणाऱ्या माणसाने याचा दुसरा अर्थ लावलाच नसता. तेवढं मी त्याला ओळखून होतो. त्या ओळखीवरच तर मी बाजारात गेलो होतो.

साखळी निघाली. त्याने खोक्याची एक बाजू धरली, मी दुसरी. तेवढ्यात मिनीबसचं दार सरकल्याचा आवाज आला.

दहा-बारा जण होते, कंपनीच्या सिक्युरिटीचे. त्यांनी कुणाला मारलं नाही. मारलं असतं तर पुढे मला रागवायला सोपं गेलं असतं. ते गेटमध्ये उभे राहिले आणि गेट उघडं राहिलं, एवढंच. चार दिवस उष्म्यात पडलेली माणसं उठून उभीसुद्धा राहिली नाहीत. मागून मॅनेजर आला. बोलायला आलेला माणूस त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. त्याने माझ्या हातात पांढऱ्या मास्किंग टेपचं भेंडोळं दिलं आणि हिंदीत म्हणाला, "जो काम पे आएंगे उनके दरवाजे पे टेप लगाओ. बाकी सामान बाहर."

इथपर्यंत सांगून मी थांबू शकलो असतो. मला फसवलं गेलं, त्यांना नुसतं बोलायचं होतं असं मला वाटलं होतं, असं म्हणता आलं असतं. मी स्वतःशी ते म्हणालोही आहे. पण टेप माझ्या हातात होती, आणि टेपबद्दल मला कुणी फसवलं नव्हतं.

मुलीच्या प्रेझेंटेशनमध्ये पुढची स्लाइड हीच होती, ती तिने मला शुक्रवारी दाखवली नाही, मी नंतर वाचली. शहर हाती आल्यावर कार्थेजच्या सेनापतीने तिथल्या लोकांना सांगितलं की आपापल्या दारावर लिहा, हे तारेंतमच्या माणसाचं घर. ज्या दारांवर लिहिलेलं नाही ती घरं लुटली गेली. तिथे लोकांनी आपल्या दारावर स्वतः लिहिलं. इथे माझ्या हातून झालं. मी गॅलरीतून चालत गेलो, एकेका खोलीत डोकावलो. कोण येईल, कोण नाही हे मला विचारावं लागलं नाही. तीन वर्षं हजेरी घेत होतो. आठ दारांवर मी टेप लावली. तीन तशीच सोडली.

तिसरं दार चाचाचं.

मॅनेजर खाली होता. गॅलरीत माझ्याबरोबर कुणी नव्हतं. चाचाच्या दारावर मी टेप लावली असती तर कुणी विचारलं नसतं. म्हातारा माणूस, कामाला पक्का, साइटला हवाच होता. मी त्या दारासमोर उभा राहिलो, टेपचं टोक नखाने सोडवलं, आणि माझ्या मनात आलं की हा राहिला तर मला दर शुक्रवारी याच्यासमोर बसावं लागेल. हा गेला की खलास. मी टोक परत दाबून चिकटवलं आणि जिना उतरलो.

गेट मी व्हिसासाठी उघडवलं. ते दार मी माझ्या सोयीसाठी तसंच सोडलं. यातली दुसरी गोष्ट मॅनेजरला माहीतही नाही.

त्या तीन खोल्यांतले चौदा जण दुपारीच बॅगा घेऊन बाहेर आले. चाचाने उशी दोरीने बॅगेला बांधली होती. तो माझ्याकडे न बघता गेटपाशी थांबला आणि आपल्या माणसांना म्हणाला, "चूक माझी. श्रावण पाळणारा हातात म्हावरा घेऊन येतो, तेव्हाच विचारायला हवं होतं, काय हवंय म्हणून." मग ते मिनीबसमध्ये चढले. आठवड्याभरात सगळ्यांचे व्हिसे रद्द होऊन ते घरी गेले. परत यायला बंदी.

चूक माझी, असं त्याने म्हटलं. कित्येक वर्षं मी त्या दोन शब्दांवर झोपलो. त्यानेच कबूल केलंय, तर मग माझं काय, असं. याहून नीच आधार माणूस शोधू शकत असेल तर मला माहीत नाही.

खोकं गेटपाशीच पडून होतं, बर्फाचं पाणी पायरीवर वाहत होतं. सिक्युरिटीतल्या एकाने विचारलं, हे कुणाचं आहे. मी म्हणालो, कुणाचं नाही. ते घेऊन गेले.

शनिवारी आठ खोल्या बसमध्ये बसल्या. शाफ्टमधलं दुपारचं काम सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, बंदीचा मोसम संपेपर्यंत तसंच चालू राहिलं. मी डोकी मोजत राहिलो. पुढच्या शुक्रवारी श्रावण चालूच होता, मी गेलो नाही. श्रावण संपल्यावर एकदा गेलो. गेट उघडंच होतं. मी खोकं ठेवलं आणि अर्धा तास पायरीवर बसलो. माणसं माझ्या बाजूने जात-येत होती. कुणी खोक्याला हात लावला नाही. व्हिसाचं पत्र सही होऊन आलं. दिवाळीआधी बायको आणि मुलगी आल्या. विमानतळावर मुलीने माझ्या हातात तिचा छोटा बूट दिला, तो सुटला होता, आणि मी खाली बसून तो तिच्या पायात घालताना ढसाढसा रडलो. बायकोला वाटलं आनंदाने. पुढे मी कंपनी बदलली, दोनदा.

ग्लास कलंडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी पोह्यांच्या वेळी मी हे दोघींना सांगितलं. सगळं, टेपचं टोक परत चिकटवलं तेसुद्धा. सांगताना माझा आवाज चढत गेला, मॅनेजरच्या बिस्किटांपाशी तर मी ओरडतच होतो. मुलगी म्हणाली, "व्हाय आर यू शाउटिंग ॲट अस?" तिचं खरं होतं. ओरडायला हवं होतं तेव्हा मी चहा प्यायलो होतो.

मग बायको म्हणाली, "मला तेव्हा विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"नाही," ती म्हणाली. "मी हो म्हणाले असते. भावजय यायची होती, माझी बॅग जिन्यात ठेवलेली होती. मी नक्की हो म्हणाले असते. आणि तुला ते माहीत होतं. म्हणून विचारलं नाहीस, म्हणजे सगळं तुझ्या एकट्याच्या नावावर राहील. मोठा त्याग केल्यासारखं." तिने ताटल्या उचलल्या. "माझ्यावर उपकार केल्यासारखं बारा वर्षं तोंड करून बसतोस, ते हे होय."

मुलीने विचारलं, "डझ ही हॅव अ फोन?"

"कोण?"

"द गार्ड," ती म्हणाली, आणि मग स्वतःच थांबून, मराठीत, "तुझा चाचा."

नंबर कुणाकडे असेल हे मला माहीत होतं. चाचाच्याच खाडीकाठचा एक माणूस देरात कार्गोचं दुकान चालवतो, गावी सामान पाठवायचं. त्या गल्लीतून मी बारा वर्षं गेलो नव्हतो. देराला गेलो तरी लांबून वळसा घालून जायचो. रविवारी दुपारी आम्ही तिघं निघालो. गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती, बायको दोन चाकं फुटपाथवर चढवून स्टिअरिंगवर बसून राहिली, मुलगी मागे. मी दुकानात शिरलो.

दुकानदार खोक्याला चिकटपट्टी मारत होता. त्याने मान वर केली आणि मला लगेच ओळखलं. मी पोट सुटलेला, केस गेलेला, तरी.

"मास्तर," तो म्हणाला. "बारा वर्षं लागली? अल बर्शावरून मेट्रो येत नाही काय इकडं?"

"चाचाचा नंबर हवा होता."

"कशाला?"

"बोलायचंय. माफी मागायचीय."

त्याने खोकं उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूला पट्टी ओढली. "तो सांगून गेलाय. गेला तेव्हाच. मास्तर कधीतरी येईल नंबर मागायला, म्हणाला. देऊ नकोस."

"बरा आहे का तो?"

"तेही सांगू नको म्हणालाय."

"जिवंत आहे का एवढं तरी सांगाल?"

"तेही."

मला राग आला. मी सांगायला लाजतो, पण मला त्या दुकानात खरोखर, डोकं तडकेल असा राग आला. मी इतक्या वर्षांनी आलो, बायको-मुलीसमोर सगळं ओकलो, आणि हा चिकटपट्टी मारतोय. मी म्हणालो, तुम्हाला काय अधिकार आहे. मी म्हणालो, माणसाला चूक कबूल करायचीसुद्धा सोय नाही का. दुकानातलं एक गिऱ्हाईक बाजूला सरकलं.

दुकानदाराने कात्री खाली ठेवली. "तुला माफी हवीय," तो म्हणाला. "त्याला काय हवंय ते त्याने मला सांगितलंय. तू गेटवर मासळी घेऊन आलास तेव्हा तुला काही हवं होतं. आजही हवंय. यल्ला मास्तर, निघ आता, गिऱ्हाईक उभंय."

मी बाहेर आलो. उन्हात डोळे दिपले, गाडी दिसायला वेळ लागला. बायकोने दार आतून उघडलं आणि माझ्याकडे न बघता आरसा नीट केला. मुलगी मागून पुढे वाकली.

"दिला?" तिने विचारलं.

"नाही. देऊ नको म्हणून सांगून ठेवलंय त्याने."

"गुड," ती म्हणाली, आणि मागे टेकून बसली.